प्रश्न चौथा

ट्रॉलीचं एक चाक पहिल्यापासूनच रुसलेलं.
दोघं पुढून ओढायचे, एक मागून रेटायचा,
आणि वर पट्ट्याने बांधलेला जड टीव्ही
बोट लागलेल्या पाहुण्यासारखा डुलत
वर्गात यायचा.

कॅसेट मीच भरली होती गुरुवारी रात्री,
नवऱ्याच्या हॉकी मॅचवर.
(तो अजून काढतो विषय.)
सार्वजनिक वाहिनी, मध्ये जाहिराती नाहीत,
आणि टपालाने आलेली शिक्षक-पुस्तिका:
पाहण्यापूर्वी, पाहताना, पाहिल्यानंतर.
माहितीपट न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाबद्दल.
म्हणजे आमच्याबद्दलच.

मासेमारीवरच्या बंदीला तेव्हा सात महिने झाले होते.
धक्क्यावर होड्या उपड्या, त्यांच्या पाठीवर बर्फ,
आणि चौदा पोरांचे बाप
दिवसाउजेडी घरात.
लोरेटाच्या बापाने स्वयंपाकघर तिसऱ्यांदा रंगवायला काढलेलं.

पडद्यावरचा आवाज चांगला होता,
खोल, इस्त्री केलेला.
साठा म्हणाला, संसाधन म्हणाला,
मासा एकदाही म्हणाला नाही असं मला वाटलं.
नंतर पुन्हा लावून मोजलं,
दोनदा म्हणाला होता.
उगाच खोटं कशाला बोलू.

मग तिरप्या उजेडात एक होडी,
मागे व्हायोलिन,
आणि तो म्हणाला,
रिकाम्या हातांनी घरी परतणारी ही माणसं...

"परतत नाहीये ती, मिस."

गारलंड टक.
सप्टेंबरपासून हजेरीपुरतंच तोंड उघडणारा.
मी पॉझ दाबलं.
चित्रावर एक पांढरी रेघ थरथरू लागली
आणि होडी दोन लाटांमध्ये अडकून राहिली.
तो उठला, पुढे आला,
काचेवर बोट टेकवलं.
"हे पिंप बघा. दोर कसा वेटोळा घातलाय,
गळ सगळे काठावर, आमिष लावलेले.
परतताना एवढं नीट कोण गुंडाळतं?
जातेय ती. सकाळ आहे ही."

वर्गात कुणी हसलं नाही.
काचेवर त्याच्या बोटाचा ठसा उमटला,
बरोबर समुद्राच्या जागी.

पुस्तिकेत हे नव्हतं.
मी आवाज पूर्ण बंद केला
आणि कॅसेट सुरुवातीपासून लावली.
म्हटलं, आता तुम्ही सांगा.

आधी घसे खाकरले, कोपरं ढोसली.
मग लोरेटा म्हणाली, हे मीठ आहे, बर्फ नाही.
एल्डन म्हणाला, ह्या हातमोज्यांना ओले असताना
मेलेल्या मेंढीसारखा वास येतो.
कुणी म्हणालं, त्या मोठ्या जहाजांबद्दल सांग ना,
रात्री गावासारखी उजळायची ती.
कुणी म्हणालं, आपणही काही कमी ओढले नाहीत,
माझा आजाच म्हणतो.
त्यावर भांडण झालं. चांगलं, खरं भांडण.
आणि पडद्यावर इस्त्रीवाला माणूस
बंदरावर उभा राहून
बिनआवाजाचे ओठ हलवत राहिला.
गारलंड बोलला तो फक्त होडी आली तेव्हा.
"आता इंजिन बंद करतील," म्हणाला.
चित्र त्याआधीच कापलं गेलं होतं.
"आता ऐकतील."
काय, ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं, की नको होतं,
इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

शेवटची दहा मिनिटं उत्तरपत्रिका.
पुस्तिकेतलाच प्रश्न चौथा, गुण पाच:
मच्छीमारांनी आता कोणता पर्यायी व्यवसाय स्वीकारावा?
कारणांसह लिहा.

पर्यटन, तेराजणांनी लिहिलं.
पुस्तिकेतल्या उत्तराशी जुळणारं.
गारलंडच्या कागदावर, खोडून, परत लिहून,
एवढंच होतं:
हा प्रश्न कोण विचारतंय?

लाल पेन उघडून मी बसले.
स्वयंपाकघरात नवरा रेडिओवर
कुठल्याशा मॅचचा स्कोअर शोधत होता.
निब कोरडी पडली.
तो कागद माझ्याकडेच आहे,
पाचापैकीची जागा रिकामी.